राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणालीचे मूल्यमापन

देशातील जन्म, मृत्यू, आजार, बाळंतपणे, लसीकरण आणि दवाखान्यांतील सेवा यांच्या नोंदी गोळा करून त्यांच्या आधारे निर्णय घेण्यासाठी उभारलेली यंत्रणा म्हणजे राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणाली. तिचे आकडे कितपत खरे आणि पूर्ण आहेत, ते वेळेवर येतात का आणि ते कोण वापरतो, याची तपासणी म्हणजे तिचे मूल्यमापन. भारतात अशी एकच प्रणाली नाही. १९६९ च्या कायद्यानुसार जन्ममृत्यूची नोंदणी होते. महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी योजना जन्मदर व मृत्युदर काढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून ठरावीक वर्षांनी घरोघर जाते. सरकारी दवाखान्यांच्या मासिक अहवालांसाठी २००८ मध्ये आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली, म्हणजेच एचएमआयएस, हे पोर्टल सुरू झाले. आज त्यावर दोन लाखांहून अधिक आरोग्य संस्था माहिती भरतात.

पोर्टलवरचा आकडा उपकेंद्रात जन्माला येतो. आरोग्यसेविका नोंदवहीत लिहिते, महिनाअखेरीस बेरजा करते, आणि तो अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा असा वर चढतो. सुरुवातीच्या काळात केंद्राला फक्त जिल्ह्याची बेरीज दिसत असे; चूक कोणत्या गावची हे शोधण्याची सोय नव्हती. २०११ पासून संस्थावार माहिती भरली जाऊ लागली आणि खरी तपासणी तेव्हा शक्य झाली.

सर्वांत साधी पद्धत फेरमोजणीची. तपासनीस उपकेंद्रात जाऊन मूळ नोंदवही उघडतो, त्या महिन्याच्या नोंदी स्वतः मोजतो आणि त्या संख्येला अहवालातल्या संख्येने भागतो. वहीत बीसीजीची ४० बाळे आणि अहवालात ५० असतील तर भागाकार ०.८ येतो, म्हणजे अहवाल फुगलेला आहे. तो १ पेक्षा जास्त आला, तर झालेले काम वरपर्यंत पोहोचलेले नाही. फुगवट्यामागे दरवेळी लबाडी नसते. एकाच बाळंतपणाची नोंद उपकेंद्र आणि ग्रामीण रुग्णालय दोघांनीही पाठवली की ते दोनदा मोजले जाते. रिकामा रकाना त्याहून घातक. त्या महिन्यात एकही मातामृत्यू झाला नाही, की कोणी विचारलेच नाही, हे रिकाम्या जागेवरून कळत नाही. म्हणून अहवाल किती टक्के आले एवढेच पाहून प्रणालीला चांगले म्हणणे ही तपासणीच नव्हे. शून्य लिहिले आहे की जागा सोडली आहे, हे वेगळे मोजावे लागते.

आकडे एकमेकांशी ताडूनही दोष सापडतात. वर्षभराच्या बेरजेत पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांवरच्या लसीचा तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त बाळांना दिलेला दिसला की शंका घ्यावी. मात्र ऊसतोडीहून कुटुंबे परतण्याच्या महिन्यात एखाद्या गावी तसे खरेच घडू शकते. त्यामुळे गाव माहीत असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय अशी नोंद खोटी ठरवू नये. लसीकरण १०० टक्क्यांच्या वर जाण्याचे कारण बरेचदा छेदात असते: लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून अंदाजलेली, आणि वस्ती मात्र तेव्हापासून कितीतरी वाढलेली.

प्रणालीने स्वतःला तपासून भागत नाही. बाहेरचा, स्वतंत्र मोजणारा लागतो. या विचाराला गणिती रूप भारतातल्याच माहितीवर मिळाले. बंगालमधील सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसरातील जन्ममृत्यूंच्या नोंदी वापरून सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्‌स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये एक सूत्र मांडले. समजा निबंधकाकडे, म्हणजे जन्ममृत्यू नोंदणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ८० मृत्यू आहेत, घरोघरच्या पाहणीत ७० सापडले आणि दोन्ही याद्यांत असलेली ५६ नावे जुळली. मग एकूण मृत्यूंचा अंदाज ८० गुणिले ७० भागिले ५६, म्हणजे १००. निबंधकाकडून २० सुटले. अट एकच: दोन्ही मोजण्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. पाहणी करणाऱ्याने निबंधकाची यादी हातात घेऊन फिरायचे ठरवले की सूत्र कोसळते. नमुना नोंदणी योजनाही दुहेरी मोजणीवरच उभी आहे: एक गणक वर्षभर नोंदी ठेवतो, दुसरा दर सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी करतो, आणि न जुळलेल्या घटनांसाठी पुन्हा घरी जाऊन खात्री केली जाते.

महाराष्ट्रात स्वतंत्र मोजणीचे महत्त्व ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने दाखवून दिले. गडचिरोलीच्या ‘सर्च’चे डॉ. अभय बंग आणि राज्यातील इतर स्वयंसेवी संस्थांनी १३ ठिकाणी दोन वर्षे बालमृत्यू मोजले. सरकारी नोंदींत येणारे बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी असल्याचे त्यातून पुढे आले. त्यानंतर राज्य शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. हे उदाहरण या विषयात सर्वांत मोलाचे मानावे लागेल, कारण न नोंदलेले मूल कोणत्याही संगणकीय तपासणीत दिसत नाही. फेरमोजणी वहीत असलेल्यांचीच होते.

जागतिक पातळीवर यासाठी चौकटी तयार झाल्या. २००५ मध्ये स्थापन झालेल्या हेल्थ मेट्रिक्स नेटवर्कने मनुष्यबळ व साधनांपासून माहितीच्या वापरापर्यंत सहा घटकांना गुण देण्याची रीत घातली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘स्कोअर’ या नावाने देशोदेशींच्या प्रणालींचा आढावा प्रसिद्ध केला. ‘प्रिझम’ ही चौकट तांत्रिक व संस्थात्मक कारणांबरोबर नोंद करणाऱ्यांच्या वर्तनालाही स्थान देते, आणि तिचे खरे बळ तिथेच आहे. बालमृत्यू कळवला की बैठकीत जाब विचारला जाणार असेल, तर मृत्यू कळवलाच जात नाही, किंवा बाळ मृत जन्मले अशी नोंद होते. शिवाय तीच माहिती नोंदवही, पोर्टल आणि मोबाइल ॲप अशी तीन-तीनदा भरावी लागली, की आशा आणि आरोग्यसेविका यांचा रुग्णांसाठीचा वेळ त्यात जातो. त्या माहितीतून उपकेंद्राकडे परत काय येते, हा प्रश्न मूल्यमापनात क्वचितच विचारला जातो. तो पहिला असायला हवा.

भारतीय प्रणालीची सर्वांत कच्ची बाजू मृत्यूच्या कारणांची आहे. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. गोव्यात हे प्रमाण जवळजवळ पूर्ण आहे, तर अनेक मोठ्या राज्यांत फारच कमी. २०२३ मध्ये जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली. रुग्णालयात मृत्यू झाल्यास कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला विनाशुल्क पाठवणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे त्यामुळे सर्व वैद्यकीय संस्थांना, खाजगी रुग्णालयांनाही, बंधनकारक झाले. घरी होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांसाठी मात्र अजूनही नातेवाइकांना विचारून कारण ठरवण्याच्या पद्धतीवरच बहुतांशी विसंबावे लागते.