डीव्हीडी केल्यावर आवाज का बिघडतो? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फाइल मोबाइलवर छान वाजते, कॉम्प्युटरवरही वाजते. तिची डीव्हीडी करून टीव्हीवर लावली की आवाज गायब तरी होतो, मागेपुढे तरी होतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय डिस्कवर जातो. पण डिस्क खराब असेल तर चित्रही अडकतं, पडद्यावर चौकोन उमटतात. चित्र स्वच्छ असून तक्रार फक्त आवाजाची असेल, तर घोळ बहुधा फाइलीत असतो किंवा ती डीव्हीडीच्या नियमांत बसवताना झालेला असतो. तीच डिस्क पुन्हा बर्न करून तो जात नाही.

डीव्हीडी बाजारात आली १९९६ साली आणि तिचे नियम त्या काळचेच राहिले. आवाज मुख्यतः डॉल्बी डिजिटल म्हणजे एसी-३, पीसीएम, एमपी२ किंवा डीटीएस यांपैकी एका प्रकारात असावा लागतो आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते, ४८ किलोहर्ट्झ लागतं (पीसीएमला ९६ ही चालतं). मोबाइल आवाज साठवतो तो सहसा एएसीमध्ये. गाण्यांच्या फाइली असतात एमपी३, त्याही ४४.१ किलोहर्ट्झच्या. यातलं काहीच डीव्हीडी-व्हिडिओत जसंच्या तसं चालत नाही, म्हणून रूपांतर करावंच लागतं.

आधी तीन ठिकाणी बघा

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर डिस्क सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशी तीन ठिकाणी लावून बघा. समोरून बोलणारा माणूस किंवा टाळी वाजतानाचा क्षण शोधा. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच आहे की वाढत गेलाय, एवढं कळलं की अर्धं काम झालं. हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

फरक वाढत जात असेल तर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या गतीने चालले आहेत. मोबाइलच्या चित्रणात याचं नेहमीचं कारण म्हणजे बदलता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची (फ्रेमची) बदलती संख्या. सेटिंगमध्ये ३० फ्रेम लिहिलेलं असतं, पण उजेड कमी झाला की फोन गुपचूप २४-२५ वर येतो आणि खिडकीजवळ गेलात की परत वर चढतो. मोबाइलचा प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचतो, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. डीव्हीडीला मात्र एकच ठरलेली गती लागते: पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी या अमेरिका-जपानकडच्या पद्धतीत २९.९७. काही सॉफ्टवेअर बदलत्या गतीची फाइल सरसकट एकाच गतीची धरून चालतात, तिथेच आवाजाची साथ सुटते. उपाय सोपा आहे, तो करायचा मात्र आधी. फाइल पहिल्यांदा स्थिर फ्रेम रेटची करून घ्या आणि मगच डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला द्या. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या पानावर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ असा पर्याय आहे, तोच निवडायचा.

शेवटी नेमका किती फरक पडला ते घड्याळ लावून मोजलंत तर कारणही हाती लागतं. तासाभरात साडेतीन सेकंदांच्या आसपास फरक पडला, तर ३० आणि २९.९७ ची गल्लत आहे. तब्बल २ मिनिटं २४ सेकंद पडला, तर २४ फ्रेमचं चित्र २५ च्या गतीने पळतंय: तासाचं चित्र ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतं आणि आवाज मात्र पूर्ण तासाचाच राहतो. आवाज चिरका आणि घाईघाईचा येत असेल, तर ४४.१ चा आवाज ४८ समजून वाजवला जातोय. त्यात गती जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढते आणि भारदस्त आवाजाचे काकासुद्धा कार्टूनमधले वाटू लागतात.

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून घेतलेल्या फाइलींचं दुखणं निराळं. तिथे फरक हळूहळू वाढत नाही, धक्क्याधक्क्याने वाढतो, कारण कॅप्चर करताना, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेताना, मध्येच काही फ्रेम गळलेल्या असतात. हे एका बटणाने सुधारत नाही. शक्य असेल तर कॅसेट पुन्हा कॅप्चर करणं बरं. नाहीतर जिथे जिथे उडी आहे तिथे फाइल कापून तुकडा तुकडा जुळवावा लागतो. हे वेळखाऊ काम आहे.

फरक सगळीकडे सारखाच असेल तर

मग आवाज अख्खाच्या अख्खा पुढे किंवा मागे सरकवला की झालं. किती सरकवायचा हे व्हीएलसी प्लेअरमध्ये बघता येतं. विंडोजवर ‘के’ हे बटण दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद उशिरा येतो, ‘जे’ दाबलं की तेवढाच लवकर. ओठ जुळेपर्यंत दाबत राहा आणि पडद्यावर दिसलेला आकडा लिहून आम्हाला द्या. अंदाजाने ‘जरासा मागे आहे’ म्हणण्यापेक्षा हा आकडा फार उपयोगी पडतो.

आवाज पुढे धावत असेल तर तो लगेच खुपतो, मागे राहिला तर बराच खपून जातो. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत, फरक जाणवू लागण्याची मर्यादा आवाज पुढे असताना ४५ आणि मागे असताना १२५ मिलिसेकंद अशी दिली आहे. लांबून येणारा आवाज उशिरा ऐकू येण्याची कानाला सवयच असते.

मात्र हे सगळं करण्याआधी घरातली दुसरी एखादी डिस्क त्याच टीव्हीवर लावा. तीही पुढेमागे वाटली तर दोष टीव्ही किंवा साउंडबारचा आहे. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही ते थोडं उशिरा दाखवतो. टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या सेटिंगमध्ये आवाजाची वेळ जुळवायची सोय बहुधा असते.

संगीत ऐकू येतं, संवाद येत नाहीत

मूळ फाइलीत ५.१, म्हणजे सहा चॅनलचा आवाज असला की असं होतं. त्यात संवाद प्रामुख्याने मधल्या चॅनलवर असतात. रूपांतर करताना नुसते डावे-उजवे दोन चॅनल उचलले, तर ढोलताशे राहतात आणि माणसं मुकी होतात. सहाही चॅनल रीतसर मिसळून स्टिरिओ करायला हवेत. आवाज एकाच स्पीकरमधून येत असेल तर माइक एकाच चॅनलवर नोंदला गेलेला असतो, तो दोन्हीकडे टाकणं मिनिटभराचं काम आहे.

आवाज मुळीच येत नसेल तर आधी रिमोटवरचं ‘ऑडिओ’ बटण दाबून बघा, कदाचित दुसरा ट्रॅक निवडला गेला असेल. तेही नसेल तर डिस्कवरचा प्रकार तपासायला हवा. एमपी२ वाजवण्याचं बंधन एनटीएससी प्लेअरवर नाही आणि डीटीएस तर सगळीकडेच ऐच्छिक आहे. म्हणून आम्ही स्वतः एसी-३ च वापरतो, स्टिरिओसाठी सेकंदाला १९२ किंवा २५६ किलोबिट. पीसीएम उत्तम, पण स्टिरिओला सेकंदाला १५३६ किलोबिट खातं, म्हणजे तासाला सुमारे ६९० एमबी. ४.७ जीबीच्या डिस्कवर ती जागा चित्रासाठी राखलेली बरी.

एसी-३ केल्यावर आवाज दबल्यासारखा वाटला तर ‘डायलॉग नॉर्मलायझेशन’चा, म्हणजे संवाद किती मोठे आहेत हे प्लेअरला सांगणारा आकडा बघा. तो उणे २७ असेल तर प्लेअर आवाज ४ डेसिबलने खाली आणतो, उणे ३१ ठेवला तर हात लावत नाही. फाइलीचाच आवाज वाढवत सुटू नका. मोठ्या आवाजाच्या जागा एकदा फाटल्या की आमच्याकडेही त्यावर इलाज नाही.

आणि एक शंका आम्हाला सतत विचारली जाते: डिस्क कॉम्प्युटरवर उघडली की ‘ऑडिओ टीएस’ नावाचा फोल्डर रिकामा दिसतो, म्हणजे आवाज राहूनच गेला का? नाही. तो फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ या वेगळ्या प्रकारासाठी आहे आणि रिकामाच असायला हवा. तुमचा आवाज ‘व्हिडिओ टीएस’मधल्या व्हीओबी फाइलींत चित्रासोबतच असतो.

आमच्याकडे देताना

शक्यतो मूळ फाइल द्या, म्हणजे कॅमेऱ्यातली किंवा फोनमधली, केबलने किंवा पेन ड्राइव्हवर घेतलेली. मेसेजवरून पाठवलेला व्हिडिओ वाटेत पुन्हा दाबला जातो, आवाजासकट. सोबत एका चिठ्ठीवर एवढं लिहा: गडबड कितव्या मिनिटाला दिसते, ती वाढते की तेवढीच राहते, डिस्क कुठल्या प्लेअरवर लावली आणि आवाज टीव्हीतून ऐकलात की साउंडबारमधून. बिघडलेली डिस्क फेकून देऊ नका, तीही आणा. दुरुस्त केलेलं काम आम्ही आधी पुन्हा पुसता येणाऱ्या डिस्कवर देतो. ते तुमच्याच प्लेअरवर शेवटपर्यंत बघा, तुमचा होकार आला की पक्की डिस्क बर्न करू.