वळणातली वजनाची वाटणी

गाडी ट्रॅकवरून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत येते. चालवणारा हेल्मेट काढतो आणि सांगतो, "लांब वळणात पुढून पकडच नाही. स्टीअरिंग कितीही वळवा, नाक बाहेरच जातंय." तक्रार पुढच्या चाकांची, पण मेकॅनिक पान्हा घेऊन शिरतो तो मागच्या चाकांखाली. तिथे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, गाडीचं कलणं रोखणारा अँटी-रोल बार असतो. त्याच्या दांडीला ओळीने तीन भोकं असतात. बारला चाकाशी जोडणारी कडी तो एक भोक आत घेतो, नट आवळतो आणि गाडी पुन्हा सोडतो. कडी आत गेल्याने तरफ आखूड झाली, बार ताठ झाला. एवढ्याने पुढची चाकं धरायला लागतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते कोडंच वाटलं होतं. मागे काहीतरी ताठ करून पुढची पकड कशी वाढेल? उत्तर असं, की गाडीचा तोल सांभाळणं म्हणजे पकड वाढवणं नव्हे. वळणात जो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो, तो पुढच्या आणि मागच्या जोडीने किती किती उचलायचा, हे ठरवणं म्हणजे तोल सांभाळणं. सस्पेन्शनचं बरंचसं शास्त्र या वाटणीभोवती फिरतं.

मुळात भार सरकतोच कशामुळे? गाडीला वळवणारा जोर टायरपाशी, म्हणजे जमिनीवर लागतो. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर असतो. खालून ओढ आणि वर वस्तुमान, म्हणून गाडी बाहेरच्या बाजूला उलटू पाहते आणि बाहेरची चाकं जास्त दाबली जातात. एक गाडी घेऊ : वजन १४०० किलो, गुरुत्वमध्य ४५ सेंटीमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५५ सेंटीमीटर. गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने ती वळली, तर सुमारे ४०० किलो भार आतून बाहेर जातो. आधी दोन्ही बाजूंना ७०० किलो होते, आता बाहेर ११०० आणि आत ३००.

या हिशेबात स्प्रिंगचा उल्लेखही आलेला नाही. गाडी कलते म्हणून भार सरकतो, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. गो-कार्टला स्प्रिंगच नसतात, ती कलत नाही, तरी तिचाही भार पूर्ण सरकतो. एकूण किती सरकणार हे वजन, उंची, रुंदी आणि वळण्याचा जोर यांनी ठरतं. ते ४०० किलो पुढे-मागे कसे वाटायचे, तेवढं आपल्या हातात राहतं : जी जोडी जास्त ताठ, तिच्या वाट्याला जास्त भार.

आता या वाटणीने फरक का पडतो, ते टायरला विचारायला हवं. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात वाढतं, असं आपण शाळेत शिकतो. रबर हा नियम पुरता पाळत नाही. दाब वाढला की रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरतं आणि पकड वाढते, पण जितकं जास्त दाबावं तितकी पुढची वाढ कमी होत जाते. भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून बाहेरच्या टायरने जे कमावलं, ते आतल्याने गमावलेल्यापेक्षा नेहमी थोडं कमीच असतं.

आकड्यांत पाहू. हे आकडे समजण्यापुरते आहेत, पण कल खरा आहे. आपल्या गाडीत पुढे-मागे वजन सारखं, म्हणजे प्रत्येक टायरवर ३५० किलो. एवढ्या भाराला घर्षणांक, म्हणजे भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा, १.२ धरा आणि दर १०० किलोमागे तो ०.०५ ने उतरतो असं समजा. सरळ रस्त्यावर एका जोडीची पकड ८४० किलो. पुढचा बार ताठ असल्याने ४०० पैकी २५० किलो पुढच्या जोडीने उचलले, तर तिच्या टायरांवर ६०० आणि १०० किलो येतात आणि पकड ७७७ वर घसरते. मागच्या जोडीच्या वाट्याला १५० किलो आले, तिची पकड ८१७ राहते. पुढची जोडी आधी हरली आणि नाक बाहेर गेलं. हे अंडरस्टिअर. मागे उरलेली ४० किलोंची पकड त्या वळणात कोणाच्याच उपयोगी पडली नाही.

आता मागचा बार ताठ करा. दोघींनी २००-२०० उचलले, तर दोन्हीकडे ८०० होतात. मागची थोडी पकड खर्ची घातली आणि पुढची सोडवली. ताशी १२० किलोमीटरच्या वळणात याने वेग पावणेदोन किलोमीटरने वाढू शकतो. ऐकायला किरकोळ, पण लॅपमधल्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीतल्या, प्रत्येक वळणात मिळणारा. मागचा बार आणखी ताठ करत गेलात तर मागची जोडी आधी हरेल आणि शेपूट बाहेर येईल. ते ओव्हरस्टिअर. हे शब्द रूढ करण्याचं श्रेय सहसा मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरला दिलं जातं. रोल्स-रॉइसमधून तो १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि गाडी अशी का वागते, हे त्याने शिस्तीने मोजायला घेतलं.

बार किंचित जाड झाला तरी गाडीचा स्वभाव का बदलतो, तेही सांगायला हवं. भरीव बारचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ चा बार टाकला, तर हाताला फरक जेमतेम कळतो, पण ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढलेला असतो. नवखे लोक इथेच फसतात. जाड बार, कडक स्प्रिंग, सगळं एकदम बसवतात आणि मग कशाने काय झालं हे सांगता येत नाही.

स्प्रिंगचं गणित वेगळं आहे, कारण स्प्रिंग चाकावर बसलेली नसते, आत सरकून एका तरफेवर बसलेली असते. चाक १० मिलिमीटर उचललं आणि स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबली, तर चाकाला जाणवणारा ताठपणा स्प्रिंगच्या ०.७ पट नसतो, त्याच्या वर्गाइतका म्हणजे ०.४९ पट असतो. कारण जोर आणि अंतर दोन्ही त्याच प्रमाणात कमी होतात. मिलिमीटरला १०० न्यूटनची स्प्रिंग चाकाशी ४९ चीच उरते. त्या कोपऱ्यावर गाडीचं ३२० किलो वजन असेल, तर ती सेकंदाला दोनदा हेलकावेल. साध्या प्रवासी गाडीत हा आकडा एक ते दीडच्या आसपास असतो, आणि वाहत्या हवेच्या दाबाने जमिनीवर दाबल्या जाणाऱ्या रेसिंग गाड्यांत तो तीन-चारच्याही वर जातो. कडक म्हणजे वेगवान असं मात्र नव्हे. जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर चढ-उतार आणि उंचवटे इतके आहेत, की गुळगुळीत ट्रॅकसाठी कडक केलेली गाडी तिथे टायर जमिनीला टेकलेले ठेवू शकत नाही. हवेतल्या टायरला पकड नसते.

शॉक अॅब्सॉर्बर हे काळाचं यंत्र आहे. भार किती सरकणार हे तो ठरवत नाही, किती लवकर सरकणार हे ठरवतो. म्हणून लांब, एकसारख्या वळणाच्या मध्यावर त्याचा परिणाम जवळपास शून्य असतो, आणि वळणात शिरताना, बाहेर पडताना, डावीकडून उजवीकडे झटकन पलटताना तो मोठा असतो. त्यामुळे चालकाला विचारायचा प्रश्न नुसता "घसरते का?" असा नसतो. "कुठे घसरते?" असा असतो. ब्रेक सोडत शिरताना? मध्यावर? की अॅक्सिलरेटर दाबताना? त्या तीन उत्तरांसाठी पान्हा तीन वेगळ्या ठिकाणी लागतो. मध्यावरच्या घसरण्यासाठी शॉकचे नॉब फिरवत बसणाऱ्यांचा मी दुपारभर वेळ गेलेला पाहिला आहे.

गाडी खाली उतरवण्याबद्दल थोडं सावध राहायला हवं. गुरुत्वमध्य खाली येतो, भार कमी सरकतो, इथवर बरोबर. पण बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब आणि खाली चाकाला धरणारा एक आडवा आर्म. तिथे गाडी फार खाली घेतली की खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक वर राहतं, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि खाली आणलेली गाडी आधीपेक्षा जास्त कलते. वर स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते. वळणात ती संपली की शॉकवरचा रबरी ठोकळा टेकतो, त्या कोपऱ्याचा ताठपणा एकदम कित्येक पट होतो आणि ती बाजू क्षणात सुटते. चालक म्हणतो, "काही कळायच्या आत गेली." त्याचं बरोबर असतं.

मला सर्वांत आवडणारं साधन म्हणजे सुईचा थर्मामीटर. गाडी थांबल्याबरोबर टायरजवळ बसायचं आणि सुई रबरात काही मिलिमीटर खुपसायची, कारण वरचा थर काही क्षणांत निवतो. आतली कड, मध्य, बाहेरची कड अशी तीन मापं. समजा बाहेरच्या बाजूच्या पुढच्या टायरवर आत ८२, मध्ये ८८ आणि बाहेर ९६ अंश निघाले. म्हणजे वळणात टायर बाहेरच्या कडेवर उभा राहत होता आणि आतली कड नुसतीच सोबतीला होती. चाकाचा माथा आणखी आत झुकवायला हवा, म्हणजे उणे कॅम्बर वाढवायला हवा. ट्रॅकसाठी दोन ते तीन अंश ही सवयीची मर्यादा आहे. त्याहून जास्त केलं, तर सरळ रेषेत ब्रेक लावताना टायर आतल्या कडेवर चालतो आणि तिथली पकड जाते. मधला आकडा दोन्ही कडांपेक्षा वर गेला, तर हवा जास्त आहे.

हवा गार टायरमध्ये मोजून भागत नाही. आतली हवा २५ अंशांवरून ८० अंशांवर गेली, तर २८ पीएसआय भरलेल्या टायरमध्ये जवळपास ३६ पीएसआय होतात. म्हणून ट्रॅकवरची माणसं गरम टायरचा आकडा ठरवतात आणि तिथून उलट येऊन सकाळी किती भरायची ते काढतात. बार, स्प्रिंग, शॉक यांना हात लावण्याआधी हवा पाहावी, असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं आतलं मागचं चाक वळणात हवेत उठलेलं पाहून लोक घाबरतात. ती बहुधा त्याच वाटणीची खूण असते. मागची बाजू मुद्दाम ताठ ठेवलेली असते, म्हणजे भार मागच्या जोडीने उचलावा आणि ज्यांना वळवायचंही आहे आणि ओढायचंही, त्या पुढच्या टायरांना मोकळीक मिळावी. चाक जमिनीवरून सुटलं की मात्र त्या जोडीने जेवढा भार सरकवायचा तेवढा सरकवून झालेला असतो. वळण्याचा जोर वाढला तर उरलेला सगळा भार पुढच्या जोडीवर पडतो, आणि मागचा बार आणखी ताठ करून काहीच मिळत नाही. मागून ढकलणाऱ्या गाडीत गणित उलटं होतं. तिच्या मागच्या टायरांना वळणातून बाहेर पडताना जोरही लावायचा असतो, म्हणून त्यांच्यासाठी थोडी पकड राखून ठेवतात आणि मध्यावर जरासं अंडरस्टिअर सोसतात. कागदावर दोन्हीकडे ८०० असलेली ती गाडी अॅक्सिलरेटर दाबताच मागून सुटेल.

आता त्या पिटमधल्या गाडीकडे परत येऊ. कडी एक भोक आत घेतली, चालकाने दोन लॅप टायर तापवले, मग तीन लॅप मोजले. वेळ कमी झाली आणि तो खूश आहे. मेकॅनिक पुन्हा खाली शिरतो आणि कडी परत जुन्या भोकात लावतो. दरम्यान ट्रॅक तापला असेल, त्यावर रबर बसलं असेल, पेट्रोल जळून गाडी हलकी झाली असेल. सुधारणा बारची असेल, तर जुन्या भोकात ती नाहीशी व्हायला हवी. चालक कुरकुरत हेल्मेट चढवतो. पाच लॅपनंतर येतो आणि म्हणतो, "पुन्हा नाक बाहेर." मग कडी दुसऱ्यांदा आतल्या भोकात जाते आणि वहीत त्या भोकासमोर खूण होते.