रोलरवरची रिंकल: एका शब्दाचा घोळ

सुट्या तावांऐवजी अखंड कागद बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट फ्रान्समध्ये १७९९ साली निघालं. कागदाची किंवा फिल्मची अखंड पट्टी वाहून नेणारा रोलर आला तशी सुरकुतीही, म्हणजे रिंकलही, आली, पण तिचं नीट गणित मांडायला १९६०चं दशक सरत आलं. रोलरवर चढताना पट्टी त्याच्या अक्षाशी काटकोन साधू पाहते, हे १९६८ च्या एका अमेरिकी प्रबंधाने दाखवलं. रोलर केसभर तिरका असला तरी पट्टी त्या काटकोनासाठी बाजूला ओढली जाते आणि दोन रोलरांमधल्या मोकळ्या भागात तिरप्या लाटा उमटतात.

घोळ सुरू होतो तो इथून. या लाटांनाही रिंकल म्हणतात आणि रोलरवर उभ्या राहिलेल्या चुणीलाही. खरं तर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॉलिएस्टर फिल्म मोकळ्या भागात आडवा दाब जवळजवळ सोसतच नाही, त्यामुळे लाट लगेच येते आणि बहुतेकदा माल बिघडवत नाही. रोलरवर मात्र गोलाईमुळे तीच फिल्म ताठ होते. तिथे चुणी पडायला कितीतरी जास्त दाब लागतो आणि तो टिकवायला घर्षण लागतं. घर्षण अपुरं असेल तर फिल्म आडवी सरकून मोकळी होते. म्हणूनच ‘लाट दिसली की टेन्शन (पट्टीवरचा लांबीच्या दिशेचा ताण) वाढवा’ हा सरसकट सल्ला मला चुकीचा वाटतो. टेन्शनबरोबर पकड वाढते आणि एरवी सरकून गेली असती ती लाट चुणी होऊन बसू शकते. वेग वाढल्यावर फिल्मखाली हवा शिरते आणि पकड सुटते. ती काढायला रोलरवर खाचा पाडल्या की पकड परत येते, कधी रिंकलही.

फुगीर रोलरचंही तसंच. पोटाला फुगवटा असलेली पुली मशीनचा पट्टा मधोमध राखते, पण रुंद, पातळ फिल्म तशा रोलरवर मध्याकडे गोळा होते. ती पसरायची तर कडांचा व्यास थोडा जास्त हवा. कडांना टेपचे वेढे देतात ते यासाठीच.

अलीकडे भर आहे तो बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर. तांब्याची फॉइल ६ ते १० मायक्रॉनची, मध्ये इलेक्ट्रोडच्या द्रव्याचा लेप, कडा कोऱ्या. कॅलेंडरमध्ये, म्हणजे दोन रोलरांमध्ये दाबणाऱ्या यंत्रात, लेपाचा भाग दाबला जाऊन लांबतो, कोरी कड तेवढी लांबत नाही आणि दोन्हींच्या सीमेवर सुरकुत्या पडतात. इथे रोलर कितीही सरळ बसवले तरी भागत नाही. म्हणून काही ठिकाणी कोरी कड तापवून मऊ करतात आणि ताणून लेपाच्या भागाइतकी लांब करतात.