मालवणातलं स्कूबा आणि ओपन वॉटर कोर्स: फरक कुठे पडतो?

मे महिन्यात मालवण-तारकर्लीहून परतणाऱ्यांच्या स्टेटसवर एक व्हिडिओ ठरलेला असतो: तोंडात नळी, भोवती पट्टेरी मासे आणि बोटं जुळवून केलेली ‘ओके’ची खूण. खाली ओळ, ‘स्कूबा डायव्हिंग केलं!’ केलं हे खरंच. पण ओपन वॉटरचा, म्हणजे गाईडनं न धरता स्वतः डाइव्ह करायला शिकवणारा पहिला कोर्स करून समुद्रात उतरणारा जे करतो ते आणि हे, यांत साधनं सोडली तर फारसं काही सारखं नाही. धोकेसुद्धा वेगळे आहेत.

पर्यटकांच्या डाइव्हला पोहता यावं लागत नाही. किनाऱ्यावर किंवा बोटीतच थोडं शिकवतात, मग गाईड सिलिंडर मागून धरून तुम्हाला दोन-तीन पुरुष पाण्यात घेऊन जातो. किती खोल जायचं, वर-खाली होण्यासाठी अंगातल्या जॅकेटमध्ये हवा किती भरायची, वर कधी यायचं, सगळं तोच ठरवतो. तुमच्याकडे काम उरतं श्वास घेण्याचं, कान मोकळे करण्याचं (म्हणजे कानातला दाब बाहेरच्या पाण्याइतका करण्याचं) आणि खुणा करण्याचं. यात हिणवण्यासारखं काही नाही. ज्यानं कधी समुद्रात डोकं बुडवलेलं नाही, त्याला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची प्रवाळं इतक्या जवळून दाखवणारा दुसरा मार्ग नाही. (फोटोसाठी माशांना पाव घालायची पद्धत मात्र बंद व्हायला हवी.)

कोर्सला तीन-चार दिवस जातात. न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमावं लागतं. पाण्याखाली मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं साधन) शोधून परत लावणं, हवा संपली तर जोडीदाराची घेणं, हे घोटून घेतात. समुद्रात चार डाइव्ह झाल्या की १८ मीटरपर्यंत जाण्याचं कार्ड मिळतं. पण खरी मजा तरंगण्यात आहे. वजनाचा तोल साधला की भरून श्वास घेतल्यावर अंग हळूच वर उचललं जातं, सोडला की खाली येतं. हात-पाय न हलवता पाण्याच्या मधोमध स्थिर राहता येतं. गाईडनं धरून ठेवलेल्या माणसाला हे कळायला वावच नसतो.

आता धोका. ‘आपण काही खोल जाणार नाही, मग काय होणार?’ हा समज सगळ्यात घातक आहे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवरून २० वर येताना फुप्फुसांतली हवा साधारण एक-तृतीयांशानं फुगते, पण १० वरून पृष्ठभागावर येताना थेट दुप्पट होते. सिलिंडरमधली हवा घेतलेल्या माणसानं घाबरून श्वास रोखला आणि तो वर झेपावला, तर एक-दीड मीटर पाण्यातूनसुद्धा फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा नियम नवख्याला अनुभवी डायव्हरइतकाच लागू आहे. फरक इतकाच की कोर्स केलेल्यानं तो घोटलेला असतो, पर्यटकानं नुसता ऐकलेला. सर्दी असेल तर दोघांनीही उतरू नये. कान मोकळे झाले नाहीत तर पडद्याला इजा होते.

नायट्रोजनचा धोका मुख्यतः कोर्स करून केलेल्या डाइव्हमधला. सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन असतो असं अनेकांना वाटतं. असते ती दाबून भरलेली साधी हवा. खोल पाण्यात जास्त वेळ राहिलं की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. भराभर वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात: सांधे दुखतात, बधिरता येते, कधी लकवाही. म्हणून हळू वर यायचं आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. उथळ पाण्यातल्या छोट्या डाइव्हमध्ये ही भीती बरीच कमी.

काही धोके पाण्याखालचे नसतातच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यामुळे दराची घासाघीस करण्याआधी बोटीत लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, एका गाईडकडे किती माणसं आहेत आणि दमा, हृदयविकार, गरोदरपण यांबद्दल कुणी विचारतं का, एवढं बघावं. कुणीच काही विचारत नसेल तर दुसरीकडे जावं.

परतीचंही गणित वेगळं. एकच डाइव्ह केली असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास थांबायचं, अनेक केल्या असतील तर १८. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून हाच विचार घाटालाही लागू होतो. आंबोली ७०० मीटरच्या आसपास उंच आहे. कोर्सच्या शेवटच्या दिवशी डाइव्ह आटोपून त्याच संध्याकाळी गाडी काढून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचा बेत असेल, तर मुक्काम एक दिवस वाढवा.