ॲलगी स्क्रबरवर शेवाळ टिकत नाही? आधी जाळी तपासा

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"शेवाळ येतं, पण दोन-तीन आठवड्यांत सुटून सम्पमध्ये पडतं. दिवा मोठा घेऊ का?" घरी स्क्रबर बनवलेले ग्राहक आम्हाला सर्वांत जास्त वेळा हेच विचारतात. स्क्रबरमध्ये पाइपच्या लांब चिरेतून पाणी टांगलेल्या जाळीवरून खाली वाहतं, दिव्याच्या उजेडात जाळीवर शेवाळ वाढतं आणि माशांच्या टाकीतल्या पाण्यातली नायट्रेट-फॉस्फेटसारखी घाण शोषतं; सम्प म्हणजे टाकीला जोडलेली खालची पाण्याची पेटी. बहुतेक वेळा दिवा ठीक असतो, जाळी गुळगुळीत असते.

बनवताना सगळं लक्ष पंप, पाइप आणि एलईडीकडे जातं. जाळी कोणतीही चालेल असं धरून कोणी खिडकीची मच्छरजाळी लावतं. ती मऊ आणि निसरडी, ती नकोच. लोकरीचं भरतकाम करतात ती कडक प्लास्टिकची चौकडीची जाळी योग्य आहे, पण पाकिटातून काढून तशीच टांगू नका. तिच्यावर नुसता पॉलिश पेपर मारल्याने चमक जाते, पकड येत नाही.

शेवाळाला झाडासारखी मुळं नसतात, ते पृष्ठभागाला चिकटून धरतं. पहिला पातळ थर गुळगुळीत प्लास्टिकवरही बसतो, आणि नेमकी इथेच फसगत होते. थर जाड झाला की वाहत्या पाण्याचा सगळा ओढा त्या कमजोर पकडीवर येतो आणि अख्खा पापुद्रा निघून जातो. तो रिटर्न पंपाच्या (सम्पमधलं पाणी टाकीत परत चढवणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी अडकतो, सम्पच्या कोपऱ्यात कुजतो, आणि शोषलेलं नायट्रेट-फॉस्फेट पुन्हा पाण्यात सोडतो. टेस्ट किटवर आकडा उतरत नाही म्हणून दिवा वाढवला जातो. उघड्या पडलेल्या जाळीवरचं कोवळं शेवाळ त्या उजेडाने पिवळं, रबरासारखं होतं, आणि मग आम्हाला फोन येतो.

स्क्रबरची ही पद्धत अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी प्रवाळखडकांवर वाढणाऱ्या आखूड, दाट शेवाळाचा अभ्यास करून उभी केली. तिथे दिवसरात्र लाटा आदळतात आणि तरी ते शेवाळ जागा धरून असतं, कारण खालचा खडक खरखरीत आणि सच्छिद्र असतो. तुमच्या जाळीला तेच काम करायचं आहे.

जाळी कोरडी असताना फळीवर घट्ट बसवा. लाकूडकामाची खरबरीत कानस किंवा होल सॉचं (गोल भोक पाडायच्या करवतीचं) पातं हातात धरून उभं, आडवं आणि तिरकं ओढा. दोन्ही बाजू करा. प्रत्येक काडीवर बारीक कुसं उभी राहिली पाहिजेत, मात्र काड्या तुटतील इतका जोर नको. मग कापसाचा बोळा फिरवून पाहा: तो जागोजागी अडकून तंतू मागे राहिले तर जाळी तयार, सरकत गेला तर अजून घासा. हाताला ती निवडुंगासारखी बोचली पाहिजे. लावण्यापूर्वी सुटा भुसा धुऊन टाका. जुनी जाळीही अशीच सुधारता येते. वेगळं "बी" टाकायची गरज नाही, शेवाळाचे बीजाणू टाकीच्या पाण्यात असतातच.

यानंतरही वाढ कमी वाटली तर पाण्याचा प्रवाह मोजा. जाळीच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी सुमारे ५० लिटर पाणी हवं. २० सेंमी रुंद जाळीला ताशी १,००० लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १७ लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा धरू नका, उंचीवर चढवताना पाणी घटतं. खाली बादली धरा आणि घड्याळ लावा. पाइपची चीर ३ मिमी ठेवा. चिरेवर उजेड पडला तर तिथेच शेवाळ साचून ती बुजते, म्हणून वर काळी पट्टी लावा.

जाळीचा आकार टाकीच्या लिटरवर ठरवू नका, खाद्यावर ठरवा. रोज गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब घालत असाल तर दोन्ही बाजूंनी उजेड मिळणारी साधारण ७७ चौरस सेंमी जाळी पुरते; एकाच बाजूला दिवा असेल तर दुप्पट घ्या. दिवा वॉर्म व्हाइट किंवा ६६० नॅनोमीटरचा लाल, रोज १८ तास. प्रवाळांचा निळा दिवा इथे लावू नका. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात, त्यामुळे या जोडणीला ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

सफाई आठवड्यातून एकदा. जाळी बेसिनमध्ये नेऊन नळाच्या गोड्या पाण्याखाली बोटांनी किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने शेवाळ काढा. गोड्या पाण्याने शेवाळ खाणारे बारीक जीव मरतात, हा फायदाच. जाळी पांढरी शुभ्र करू नका, पातळ हिरवा थर राहू द्या. सुरुवातीला येणारा तपकिरी चिकटा मात्र पुसून टाका. "अजून वाढू दे" म्हणून थांबलात तर तळाच्या थराला उजेड मिळत नाही, तो मरतो, आणि खरखरीत जाळीवरूनही पापुद्रा सुटतो.

"स्क्रबर चालत नाही" असा फोन आला की आम्ही आधी जाळी कोरडी करून दुकानात आणायला सांगतो. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण आमचा माणूस घरी आला तरी पहिल्यांदा जाळीवरच हात फिरवणार, आणि त्या फेरीचे पैसे तुम्हालाच पडणार. दुकानात जाळी पाहण्याचे आम्ही काही घेत नाही.

खरवडलेली तयार जाळी आमच्याकडे मापाने मिळते. साध्या जाळीपेक्षा ती महाग आहे, कारण दोन्ही बाजू हाताने घासायला वेळ लागतो आणि कापसाच्या कसोटीला न उतरलेली जाळी आम्ही विकत नाही. घरीच करायची असेल तर साधी जाळी न्या, कानस कशी धरायची ते काउंटरवर करून दाखवू. येताना पाइपच्या चिरेची लांबी, पंपाचं मॉडेल आणि रोज किती खाद्य घालता ते लिहून आणा.