एकस्तरीय प्राधिकरणासाठी एक्सेटर व नॉर्विचचा प्रयत्न

डेव्हन काउंटीतील एक्सेटर आणि नॉरफोक काउंटीतील नॉर्विच या इंग्लंडमधल्या दोन जुन्या शहरांच्या सिटी कौन्सिलांनी आपापल्या शहराचा सगळा स्थानिक कारभार स्वतःकडे घेण्यासाठी २००७ ते २०१० या काळात केलेला प्रयत्न. सगळा कारभार एकहाती पाहणाऱ्या अशा संस्थेला तिकडे ‘युनिटरी अथॉरिटी’, म्हणजे एकस्तरीय प्राधिकरण, म्हणतात. मार्च २०१० मध्ये दोन्ही शहरांना हा दर्जा देणारे आदेश संसदेत मंजूर झाले, पण जूनमध्ये हायकोर्टाने ते बेकायदा ठरवले आणि १ एप्रिल २०११ रोजी सुरू व्हायची ती नवी कौन्सिले अस्तित्वात आलीच नाहीत.

मराठी वाचकाला हा वाद समजायला एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. पुण्यात राहणाऱ्या माणसावर जिल्हा परिषदेचा कारभार चालत नाही आणि तो तिच्यासाठी मतदानही करत नाही. महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांची हद्दच वेगळी. इंग्लंडच्या दुस्तरीय भागात तसे नाही. एक्सेटरचा रहिवासी सिटी कौन्सिललाही मत देतो आणि डेव्हन काउंटी कौन्सिललाही. घरबांधणी, बांधकाम परवाने, बागा आणि घरोघरचा कचरा उचलणे ही कामे सिटी कौन्सिलची. शाळा, रस्ते, ग्रंथालये, वृद्धांची आणि निराधार मुलांची देखभाल ही काउंटीची. कचरा उचलायचा एकाने आणि त्याची विल्हेवाट लावायची दुसऱ्याने. शहराच्या मध्यभागी नवी वस्ती उभी करायची तर परवाना एका कार्यालयातून आणि तिथवर जाणाऱ्या रस्त्याचा निर्णय दुसऱ्या कार्यालयातून. खर्चाच्या दृष्टीने मोठी खाती सगळी काउंटीकडे आहेत. त्यामुळे शहराच्या नावाचे कौन्सिल असले, तरी शहरावर होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग त्याच्या हातात नसतो.

ही व्यवस्था १ एप्रिल १९७४ पासूनची. त्याआधी दोन्ही शहरे ‘काउंटी बरो’ होती, म्हणजे काउंटीच्या अधिकाराबाहेर राहून सगळा कारभार स्वतः चालवत होती. हा दर्जा त्यांना १८८९ मध्ये मिळाला, पण स्वायत्ततेची परंपरा त्याहून फार जुनी. राजा चौथा हेन्री याने १४०४ मध्ये नॉर्विचला आणि आठवा हेन्री याने १५३७ मध्ये एक्सेटरला सनद देऊन स्वतंत्र काउंटीचा मान दिला होता. नॉर्विचमधील लंडन स्ट्रीट १९६७ मध्ये वाहनांना बंद करून केवळ पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला, तोही याच स्वतंत्र कारभाराच्या काळात; ब्रिटनमध्ये असा बदल झालेल्या पहिल्या रस्त्यांत त्याची गणना होते. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने काउंटी बरो रद्द केले आणि ही शहरे काउंटीतील अनेक डिस्ट्रिक्टांपैकी एक बनली. एकस्तरीय दर्जाची मागणी दोन्ही शहरांना नवे अधिकार मागण्यासारखी वाटत नव्हती. हिरावलेले परत मागतो आहोत, अशी त्यांची भावना होती, आणि इतिहास पाहता ती खरी मानावी लागते. डेव्हनमधील प्लिमथ आणि टॉरबे यांना १९९८ मध्ये हा दर्जा मिळाला आणि काउंटीचे मुख्यालय ज्या शहरात आहे ते एक्सेटर मात्र मागे राहिले, याचीही सल होती.

ऑक्टोबर २००६ मध्ये तत्कालीन मजूर पक्षाच्या सरकारने दुस्तरीय भागांतील कौन्सिलांकडून एकस्तरीय व्यवस्थेचे प्रस्ताव मागवले. २५ जानेवारी २००७ पर्यंत २६ प्रस्ताव आले. निवडीचे निकष पाच होते : खर्च परवडणे, व्यापक पाठिंबा, सक्षम नेतृत्व, वस्तीपातळीवर लोकांना अधिकार, आणि पैशाच्या मोबदल्यात चांगल्या सेवा. यांतला पहिला निकष सगळ्यांत कडक होता, कारण फेरबदलाचा खर्च पाच वर्षांत बचतीतून भरून निघायला हवा होता. कॉर्नवॉल, विल्टशर, डरॅम अशा अख्ख्या काउंट्या त्यात बसल्या आणि २००९ मध्ये एकस्तरीय झाल्या. एकट्या शहरांपैकी बेडफर्डला यश आले. एक्सेटर आणि नॉर्विच यांचा निर्णय लांबला. स्थानिक हद्दींबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या सीमा समितीचे मत घेण्याचे ठरले. डिसेंबर २००९ मध्ये समितीने शहरांच्या बाजूने कौल दिला नाही. नॉरफोकमध्ये संपूर्ण काउंटीसाठी, तर डेव्हनमध्ये प्लिमथ आणि टॉरबे वगळून उरलेल्या काउंटीसाठी एकच प्राधिकरण असावे, असा तिचा सल्ला होता.

तरीही १० फेब्रुवारी २०१० रोजी स्थानिक शासन खात्याचे मंत्री जॉन डेनम यांनी दोन्ही शहरांना एकस्तरीय दर्जा देण्याचे जाहीर केले. खर्चाच्या निकषात हे प्रस्ताव पूर्णपणे बसत नाहीत, हे त्यांनी मान्य केले. पण या शहरांना स्वतःचे कौन्सिल मिळाले तर आसपासच्या भागाच्या अर्थकारणाला चालना मिळेल आणि सार्वजनिक सेवांचा मेळ बसेल, म्हणून निकष बाजूला ठेवण्यास सबळ कारण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याच खात्याचे सर्वोच्च अधिकारी पीटर हाउसडेन यांना हे पटले नव्हते. असा निर्णय अमलात आणायचा तर मंत्र्यांनी लेखी निर्देश द्यावेत, अशी मागणी त्यांनी केली आणि तो कोर्टात टिकणे अवघड असल्याचा इशाराही दिला. ब्रिटिश प्रशासनात सचिवाने मंत्र्याकडे असे निर्देश मागणे ही गंभीर बाब मानली जाते. सार्वत्रिक निवडणूक तीन महिन्यांवर होती, दोन्ही काउंटी कौन्सिले हुजूर पक्षाकडे होती आणि एक्सेटरचे खासदार बेन ब्रॅडशॉ मंत्रिमंडळात होते; त्यामुळे निर्णयामागे राजकारण असल्याचा आरोप लगेच झाला.

डेव्हन आणि नॉरफोक या काउंटी कौन्सिलांनी कोर्टात धाव घेतली. २१ जून २०१० रोजी न्यायमूर्ती ऑस्ली यांनी निकाल दिला. शहरांना स्वतंत्र कारभार असावा की नसावा, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता, आणि निकालाचा अर्थ लावताना ही गोष्ट पुष्कळदा निसटते. लोकांना आणि संस्थांना सांगण्यात आले होते की निर्णय पाच निकषांवर होईल. त्यांनी त्या पाच मुद्द्यांवर आपली मते मांडली. मंत्र्यांनी शेवटच्या टप्प्यावर कसोटीच बदलली, पण बदललेल्या कसोटीवर कुणालाही बोलण्याची संधी दिली नाही. ही सल्लामसलत अन्यायकारक ठरली आणि आदेश बेकायदा ठरले. शहरांची बाजू भक्कम होती असे मानणाऱ्यालाही हा निकाल मान्य करावाच लागतो.

निकालाचा फटका मतदारांनाही बसला. नव्या कौन्सिलांची तयारी म्हणून मे २०१० च्या शहर निवडणुका रद्द करून एक-तृतीयांश नगरसेवकांची मुदत वर्षभराने वाढवली होती. आदेश रद्द होताच त्या जागा रिकाम्या पडल्या आणि ९ सप्टेंबर २०१० रोजी दोन्ही शहरांत त्यांसाठी मतदान घ्यावे लागले. दरम्यान सत्तांतर झाले होते. डेनम यांच्या जागी आलेले मंत्री एरिक पिकल्स यांच्या खात्याने आणलेल्या स्थानिक शासन कायद्याला डिसेंबर २०१० मध्ये राजसंमती मिळाली आणि प्रलंबित प्रस्तावांची वाट कायद्यानेच बंद झाली.

या प्रयत्नाची खरी अडचण हद्दीत होती, असे म्हणता येते. २०१० चे दोन्ही आदेश सिटी कौन्सिलांच्या तेव्हाच्या हद्दींपुरते होते आणि त्या हद्दी शहरांच्या वाढीला केव्हाच अपुऱ्या पडल्या होत्या. एक्सेटरचा विमानतळ शेजारच्या ईस्ट डेव्हन डिस्ट्रिक्टमध्ये आहे. पुढे क्रॅनब्रुक हे नवे गावही तिथेच वसले. नॉर्विचचे मोठे रुग्णालय कोल्नी येथे, म्हणजे साउथ नॉरफोकमध्ये आहे आणि कॉस्टेसी, हेलेस्डन, थॉर्प सेंट अँड्रू ही शहराला चिकटलेली उपनगरेही हद्दीबाहेर आहेत. २०२१ च्या जनगणनेत एक्सेटरची लोकसंख्या सुमारे १ लाख ३० हजार, तर नॉर्विचची सुमारे १ लाख ४४ हजार होती. एवढ्या करदात्यांवर शाळांपासून वृद्धसेवेपर्यंतचा भार टाकायचा, आणि उरलेल्या ग्रामीण काउंटीला तिच्या सर्वांत मोठ्या शहराच्या उत्पन्नाविना चालवायचे, हा काउंट्यांचा आक्षेप केवळ सत्ता टिकवण्यासाठी नव्हता.

डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने चित्र पालटले. इंग्लंडमधील दुस्तरीय व्यवस्था सर्वत्र संपवण्याचे सरकारने ठरवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २१ भागांतील कौन्सिलांकडून प्रस्ताव मागवले. या वेळी नव्या प्राधिकरणासाठी ५ लाख किंवा अधिक लोकसंख्या हे मार्गदर्शक प्रमाण ठेवण्यात आले, जे जुन्या हद्दीतल्या दोन्ही शहरांच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून २०२५ मध्ये दोन्ही सिटी कौन्सिलांनी शेजारची गावे आणि उपनगरे सामावून घेणाऱ्या विस्तारित शहर-प्राधिकरणाची मागणी केली. नॉर्विचने नॉरफोकचे तीन भाग करून त्यांपैकी एक ‘ग्रेटर नॉर्विच’ असावा, असा आग्रह धरला; काउंटी कौन्सिलने संपूर्ण नॉरफोकसाठी एकच प्राधिकरण मागितले.