मो बर्ग आणि टोकियोची ती फिल्म

अमेरिकी बेसबॉलमधला राखीव कॅचर मो बर्ग याने 1934 मध्ये टोकियोचं चोरून चित्रण केलं आणि त्यावरूनच अमेरिकेचा टोकियोवरचा 1942 चा डूलिटल हवाई हल्ला आखला गेला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चित्रण खरं आहे. हातात फुलं, अमेरिकी राजदूताच्या बाळंतीण मुलीला भेटायचा बहाणा, आणि पठ्ठ्या थेट सेंट ल्यूक रुग्णालयाच्या गच्चीवर! मुलीला तो भेटलाच नाही. पण हल्ला त्या फिल्मवरून आखल्याचा पुरावा नाही. अमेरिकेच्या हेरखात्यात बर्ग 1943 मध्ये आला. डिसेंबर 1944 मध्ये झुरिचला खिशात पिस्तूल ठेवून त्याने जर्मन अणुप्रकल्पातला शास्त्रज्ञ हायझेनबर्ग याचं व्याख्यान ऐकलं, ती कामगिरी मात्र अस्सल. शिवाय बेसबॉलमध्ये 15 हंगाम, 663 सामने. राखीव खेळाडूला एवढं टिकणं सोपं नसतं.